कांगारू पॉ सोलापुरात कुंडीत टिकेल का?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. गेल्या डिसेंबरात पुण्याच्या एका रोपवाटिकेतून मी कांगारू पॉची दोन रोपे आणली. वेखंडासारखी पाती, त्यांतून सरळ वर गेलेले दांडे आणि त्यांवर मखमली लव असलेल्या, प्राण्याच्या पंजासारख्या पिवळसर कळ्या पाहून मला मोह आवरला नाही. शेतातली काळी माती आणि शेणखत समप्रमाणात घेऊन मी कुंड्या भरल्या. गच्चीवरचा उन्हाळा दोन्ही रोपांनी निभावला. परंतु जुलैअखेरच्या पावसानंतर एका रोपाच्या पातींवर शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे डाग आले. उन्हाचा चट्टा समजून मी ते सावलीत हलवले, पाणीही वाढवले, आणि आठ दिवसांत पात बुडाशी मऊ पडून ओढताच हातात आली. दुसरे रोप मला मनापासून वाचवायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (होटगी रस्ता)

ताई, आपले रोप उन्हाने गेलेले नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने गेले आहे. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले असून तिथे पाऊस प्रामुख्याने हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे मात्र पाऊस येतो तेव्हा हवा उबदार व दमट असते, आणि अशा दिवसांत या झाडाचा जमिनीखालचा जाड गड्डा ओल्या मातीत राहिला की कुजू लागतो. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी काळ्या मातीतल्या ज्या ओलीवर पोसते, तीच ओल कुंडीत या गड्ड्याला मारक ठरते.

दुसरे रोप आजच काढून पाहा. गड्डा टणक असेल तर काळी, पिचपिचीत मुळे कापून टाका आणि दोन भाग धुतलेली जाडी वाळू, एक भाग बारीक मुरूम व एक भाग पालापाचोळ्याचे खत अशा मिश्रणात मातीच्या कुंडीत लावा. मुरमात चुनखडीचे पांढरे खडे असतील तर तो घेऊ नका. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीच्या आत, पण भरपूर उजेड आणि वारा लागेल अशा जागी ठेवा, आणि बोट दोन पेरे आत घातल्यावर माती कोरडी लागली तरच पाणी द्या. पाऊस सरल्यापासून फुले येऊन जाईपर्यंत मात्र ते दिवसभर उन्हात हवे. सावलीत त्याला फुले येत नाहीत.

आपली जात कोणती, हेही महत्त्वाचे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९६० साली राज्यपुष्प म्हणून स्वीकारलेली लाल-हिरवी मँगल्सी जात दिसायला सर्वांत देखणी, पण नाजूक व अल्पायुषी असते. उंच दांड्यांची फ्लेविडस जात आणि तिच्यापासून केलेले संकर अधिक काटक असतात.

उत्तर (अक्कलकोट रस्ता)

काकांच्या मताशी मी सहमत आहे. केवळ दोन गोष्टी जोडतो. पातीवरचे काळे डाग हा बुरशीचा रोग आहे. डागाळलेली पात बुडापासून कापावी, ती कंपोस्टमध्ये टाकू नये, कात्री स्पिरिटने पुसावी आणि पाणी सकाळी, पातींवर न उडवता थेट मातीत द्यावे. दुसरे असे की, या झाडाला कमी स्फुरदाच्या मातीची सवय असल्यामुळे डीएपी, सुपर फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा देऊ नये. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल, तर साठवलेले पावसाचे पाणी महिन्यातून एकदा भरपूर ओतून क्षार धुऊन काढावेत.

एप्रिल-मेमध्ये जमिनीतल्या झाडाची मुळे गार राहतात, गच्चीवरच्या कुंडीतली मात्र भाजून निघतात. म्हणून त्या दोन महिन्यांत कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. गड्डा टणक निघाला, एका बाजूची मुळे मात्र काळी होती, ती कापून रोप नव्या मिश्रणात लावले आहे. वाळलेले जुने दांडे ठेवावेत का, आणि याच रोपापासून दुसरे करता येईल का?

उत्तर (होटगी रस्ता)

दांडे अगदी बुडापासून कापा. एकदा फुललेल्या पातींच्या झुपक्यातून पुन्हा दांडा येत नाही, तेव्हा तो झुपकाही काढला तर नव्या कोंबांना जागा मिळते. रोप वेगळे करण्याची घाई यंदा करू नका. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, गड्ड्यावर पुरेसे कोंब दिसले तर, धारदार सुरीने प्रत्येक तुकड्याला किमान दोन-तीन कोंब व मुळे राहतील असा तो कापा, पाती निम्म्याने छाटा आणि कापलेली बाजू दिवसभर सावलीत सुकवून मग लावा.