स्वपक्षाचा खासदारच गप्प राहिला, तर पंतप्रधानांना जाब कोणी विचारायचा?

प्रश्न : वाईची_शिक्षिका

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदातील तरतूद, म्हणजे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते हे वाक्य, मी फळ्यावर लिहिले. तेव्हा अकरावीतील एका मुलीने विचारले, "मॅडम, लोकसभेत बहुमत तर त्यांचेच असते. मग ते स्वतःलाच जबाबदार असतात का?"

मी तिला मुंदडा प्रकरण सांगितले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या समभागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले, आणि १९५७ च्या डिसेंबरात लोकसभेत त्यावर सरकारला धारेवर धरले ते फिरोज गांधी यांनी. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते, शिवाय पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत सर्वांसमक्ष झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्या वेळी नेहरूंच्या पाठीशी प्रचंड बहुमत होते आणि विरोधकांच्या संख्येने काहीही घडले नसते.

मुलीचा पुढचा प्रश्न होता, "आता असे का होत नाही?" त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. आज मतदार दोन तटांत असे विभागले गेले आहेत, की आपल्या नेत्याला प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्या तटाला बळ देणे, असे घराघरांत मानले जाते. दोष या विभागणीत आहे की नियमांत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : फोर्टातील_वकील

शिक्षिकाताई, आपल्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत आहे. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तिचा हेतू चांगला होता, कारण १९६७ नंतरच्या काळात आमदारांनी पक्ष बदलायचे आणि सरकारे कोसळायची, हा प्रकार रोजचाच झाला होता. परंतु त्या अनुसूचीच्या दुसऱ्या परिच्छेदात पक्ष सोडणाऱ्याबरोबरच पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, किंवा मतदानाला गैरहजर राहणारा सदस्यही अपात्र ठरतो. पक्षाची आधी परवानगी घेतली असेल किंवा पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले, तरच तो वाचतो. हा पक्षादेश, म्हणजे व्हिप, केवळ विश्वासदर्शक ठरावापुरता नाही. कोणत्याही विधेयकावर, कोणत्याही दुरुस्तीवर तो काढता येतो.

फिरोज गांधी यांच्यावर अशी तलवार टांगलेली नव्हती. प्रश्न विचारण्यास आजही बंदी नाही, हे खरे आहे. परंतु ज्याला आपले मत पक्षाच्या विरोधात टाकताच येत नाही, त्याच्या प्रश्नाला मंत्री किती घाबरेल? ब्रिटनमध्ये व्हिप मोडणाऱ्याची उमेदवारी धोक्यात येते, पण खासदारकी जात नाही. म्हणूनच मार्च २००३ मध्ये इराकवरील मतदानात सत्ताधारी मजूर पक्षाचे १३९ सदस्य आपल्याच पंतप्रधानांच्या विरोधात उभे राहू शकले, आणि २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांना पायउतार व्हावे लागले तेही स्वपक्षीयांमुळेच.

यावरचा उपाय नवा नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते, की मतदानावरून होणारी अपात्रता विश्वास किंवा अविश्वास ठरावापुरतीच असावी. कोणत्याही पक्षाच्या सरकारने ते स्वीकारले नाही, कारण सत्तेवर आलेल्या प्रत्येकाला व्हिप हवाच असतो. महाराष्ट्रात २०२२ पासून आपण याची दुसरी बाजूही पाहिली आहे. मोठा गट एकत्र बाहेर पडला, व्हिप नेमका कोणाचा यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला तेव्हा दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हणजे गठ्ठ्याने जाणारा सुरक्षित आणि विवेकाने एकटाच वेगळे मत देणारा मात्र घरी, अशी आजची स्थिती आहे. माझ्या मते हा कायदा जबाबदारीच्या मुळावरच आला आहे.

उत्तर २ : ग्रँडरॅपिड्सकर

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु दोष केवळ व्हिपचा आहे असे मला वाटत नाही. मी एकवीस वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. येथे व्हिपमुळे कोणाचीही जागा जात नाही, तरीही नेत्याला जाब विचारणाऱ्याचे काय होते, ते मी माझ्या मतदारसंघात जवळून पाहिले आहे.

आमचे प्रतिनिधी पीटर माइयर हे रिपब्लिकन पक्षाचे होते. ३ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी प्रथमच शपथ घेतली, तीन दिवसांनी संसदभवनावर हल्ला झाला आणि १३ जानेवारीला डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने त्यांनी मत दिले. स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध असे मत देणारे रिपब्लिकन प्रतिनिधी अवघे दहा होते. पुढे सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मते पडली. साध्या बहुमताने पाहिले तर हा कौल स्पष्ट होता, परंतु दोषी ठरवण्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे ६७ मते लागतात. अमेरिकेच्या इतिहासात कोणताही अध्यक्ष या मार्गाने पदावरून गेलेला नाही. निक्सन १९७४ मध्ये गेले, ते स्वपक्षाचे ज्येष्ठ सिनेटर भेटून "आता आपल्याला मते नाहीत" असे सांगून आल्यावर.

त्या दहांपैकी केवळ दोघेच २०२२ मध्ये पुन्हा निवडून आले. चौघांनी निवडणूक लढवलीच नाही आणि चौघे स्वपक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हरले. माइयर हे त्या हरलेल्यांपैकी एक. ऑगस्टमधील त्या मतदानाला येणारे लोक थोडे, पण कडवे असतात. आमच्या गल्लीत समोरच्या घराच्या अंगणात २०२० साली माइयर यांच्या नावाची पाटी होती. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच जागी, गवताच्या त्याच पिवळ्या पडलेल्या चौकोनात, त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन गिब्स यांची पाटी उभी राहिली. ते गृहस्थ अतिशय सज्जन आहेत, बर्फ पडला की माझ्याही दारापुढचा बर्फ सरकवतात. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "त्याने काय केले ते बरोबर की चूक हा प्रश्नच नाही. त्याने त्यांना मदत केली."

परंतु मला सर्वांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचारसमितीने त्या प्राथमिक निवडणुकीच्या तोंडावर चार लाख डॉलरांहून अधिक खर्च करून गिब्स यांना प्रकाशझोतात आणणाऱ्या जाहिराती दाखवल्या. कडवा उमेदवार समोर आला तर नोव्हेंबरमध्ये तो हरवायला सोपा, हा त्यामागचा हिशेब होता. तो बरोबरही ठरला आणि जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. म्हणजे ज्याने स्वपक्षाच्या नेत्याला जाब विचारला, त्याच्या मागे स्वतःचे लोक उभे राहिले नाहीत, आणि ज्यांनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले होते त्यांनीही त्याला पाडण्यास हातभार लावला. मी त्या पक्षाला अनेकदा मत दिले आहे. तरीही ही त्यांची चूक होती, असे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

उत्तर ३ : स्थिरतावादी

मुंदडा प्रकरणाला आपण थोडे अधिक महत्त्व देत आहोत, असे नम्रपणे सुचवतो. त्यात अर्थमंत्री गेले, पंतप्रधानांना धक्का लागला नाही. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर काँग्रेस खासदारांच्या दबावामुळे कृष्ण मेनन गेले, नेहरू राहिले. सर्वोच्च नेत्याच्या जागी सहकाऱ्याचा बळी द्यायचा, ही पद्धत तेव्हाही होतीच. दुसरे असे, की एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. व्हिप सैल केला तर अशा टांगत्या सरकारांची किंमत सामान्य माणूसच मोजतो. जबाबदारी हवी, पण सरकार उभेही राहिले पाहिजे.

उत्तर ४ : शनिवारपेठकर

ग्रँड रॅपिड्सच्या मित्राने लिहिलेले वाचून मला आमच्या पुण्याचे मोहन धारिया आठवले. १९७१ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर पुण्यातून निवडून आले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने संवाद साधावा, असे ते उघडपणे म्हणू लागले, म्हणून मार्च १९७५ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढले. आणीबाणीला त्यांनी विरोध केला आणि तुरुंगवासही भोगला. १९७७ मध्ये ते जनता पक्षातर्फे उभे राहिले आणि पुण्याने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. माझे वडील आयुष्यभराचे काँग्रेसवाले, खादी वापरणारे. बैलजोडी हे चिन्ह असल्यापासून त्यांनी दुसरीकडे शिक्का मारला नव्हता, आणि १९७१ मध्ये चिन्ह बदलले तेव्हा त्यांनी गायवासरावर मारला. १९७७ च्या मार्चमध्ये आम्ही बरोबरच मतदानाला गेलो. त्याआधीचा पंधरवडा ते रात्री जेवताना फारसे बोलत नसत. केंद्रावर त्यांच्या हाताला कंप सुटला होता, तो मी पाहिला. बाहेर आल्यावर ओंकारेश्वराच्या कठड्यापाशी थांबून ते एवढेच म्हणाले, "धारियांनी आपल्या माणसाला खरे सांगितले. त्यांना मी एकटे कसे पाडू?" त्यांनी नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारला होता.

स्थिरतावादी यांची काळजी मला समजते, आणि वकीलसाहेबांनी सांगितलेली सुधारणा व्हायलाच हवी. परंतु उद्या व्हिप पूर्ण रद्द झाला आणि विवेकाने मत देणाऱ्या खासदाराला त्याच्याच मतदारांनी घरी बसवले, तर त्या सुधारणेचा उपयोग काय? पुण्याने १९७७ मध्ये जे केले, ते ग्रँड रॅपिड्समध्ये २०२२ साली झाले नाही. दोन्ही ठिकाणी नियम जवळपास सारखेच होते, कारण पक्षांतरबंदी आपल्याकडेही तेव्हा नव्हती. फरक मतदारांत होता.

वाईची_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारपेठकर काका, आपण लिहिलेले मी वर्गात वाचून दाखवणार आहे. वकीलसाहेब, मुले विचारतील म्हणून एक शंका: व्हिप ज्याला लागू नाही, असे संसदेत काही उरले आहे का, की जेथे सत्ताधारी खासदार मोकळेपणाने प्रश्न विचारू शकतो?

फोर्टातील_वकील

आहे. विभागवार स्थायी समित्यांना व्हिप लागू होत नाही. तेथे कामकाज बंद दाराआड चालते, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारता येते आणि सत्ताधारी सदस्यही बरेचदा कठोर प्रश्न विचारतात. दुर्दैवाने तोच मार्ग अरुंद होत गेला आहे. १५ व्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, १७ व्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आले. समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात. आपल्या विद्यार्थ्यांना तुमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत ते शोधायला सांगा, त्या समितीचा अलीकडचा एक अहवाल वाचून घ्या, आणि मग वर्गाच्या वतीने खासदारांना पत्र पाठवा, की या शिफारशीचे पुढे काय झाले. आपल्या मतदारांपैकी कोणी समितीचा अहवाल वाचतो, हे कळल्यावर खासदाराची बसण्याची पद्धत बदलते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

ग्रँडरॅपिड्सकर

शनिवारपेठकर काका, एक विचारू का? आपल्या वडिलांनी त्या मतदानाबद्दल त्यांच्या काँग्रेसमधील मित्रांना कधी सांगितले का? आणि नंतर ते कायमचे दुसऱ्या बाजूला गेले का? माझ्या शेजाऱ्याशी पुन्हा बोलायचे आहे, म्हणून विचारतो.

शनिवारपेठकर

सांगितले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते वॉर्डातील काँग्रेसच्या कचेरीत गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझे मत यावेळी आपल्याला नव्हते." दोघे जण त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत, एकाने मात्र हळूच सांगितले की आपणही तेच केले. वडील दुसऱ्या बाजूला गेले नाहीत. जनता पक्षाचे सरकार आपापसांत भांडून कोसळले, त्याचाही त्यांना तितकाच संताप आला. १९८० मध्ये चिन्ह पुन्हा बदलून हात झाला होता, आणि त्यांनी हातावर शिक्का मारला.