आरएचसीएसएसाठी सोबती हवेत, ठाणे ते दादर

प्रश्न: रेड हॅट या लिनक्स कंपनीची ईएक्स२०० परीक्षा द्यायची आहे, म्हणजे आरएचसीएसए या सिस्टीम ॲडमिनच्या प्रमाणपत्राची. रविवारी एकत्र बसून सराव करणारं कोणी आहे का? किती जण असावेत, आणि बसून नेमकं करायचं काय?

उत्तर १: तिघं पुरेत. माणसं वाढली की गप्पा वाढतात, हात कमी चालतो. परीक्षा लेखी नाही. तीन तास चालत्या मशीनवर कामं करायची, ३०० पैकी २१० गुण हवेत. म्हणून प्रश्नोत्तरं नकोत, एकमेकांची मशीन बिघडवा. एकाने एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) चुकीचा यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, टाकायचा, रूटचा (मुख्य ॲडमिन खात्याचा) पासवर्ड बदलायचा आणि मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायचं. दुरुस्तीला वीस मिनिटं, इंटरनेट बंद, फक्त मॅन पेजेस (मशीनमध्येच असलेली कमांडची माहिती).

उत्तर २: तपासण्याआधी रीबूट कराच, कारण रीबूटनंतर टिकतं त्यालाच गुण. फायरवॉलच्या कमांडला 'परमनंट' लावायचं राहतं, मग नियम रीबूटनंतर उडतो. सर्व्हिस स्टार्ट होते पण एनेबल नसते, म्हणजे रीबूटनंतर आपोआप सुरू होत नाही. एफएसटॅब बदलल्यावर लगेच 'माउंट -ए' (यादीतल्या सगळ्या डिस्क जोडून बघणारी कमांड) चालवा, नाहीतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. आणि आरडी-डॉट-ब्रेकने (बूट मध्येच थांबवणारा पर्याय) पासवर्ड बदलून ऑटोरीलेबल फाइल टच करायला, म्हणजे ती रिकामी फाइल बनवायला विसरलात, तर शॅडो फाइलचं (जिथे पासवर्ड असतात) सुरक्षा-लेबल बिघडतं आणि एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा यंत्रणा लॉगिनच होऊ देत नाही. इथे भलेभले घसरतात.

उत्तर ३: प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ८ जीबी रॅम, २ जीबी रॅमच्या दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक), आणि एलव्हीएमच्या (डिस्कचे लवचिक भाग पाडण्याची सोय) सरावासाठी ५ जीबीची वेगळी डिस्क. ठाण्याहून येणाऱ्यांनी मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवा.