कुत्रा सोडायला आलेल्या माणसाला शेल्टरवाल्यांनी झापावं का?

रविवारची_ड्यूटी: मंडळी, मी पुण्यात एका शेल्टरमध्ये रविवारी जाते, पिंजरे धुणं, खायला घालणं वगैरे. परवा एक रिक्षावाले काका नऊ वर्षांचा लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा) घेऊन आले. बायकोचं डायलिसिस सुरू, त्यात घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितलेली, नवीन खोली कुत्र्यासकट कोणी देईना. पिशवीत त्याची चादर, वाटी आणि फिट्सच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर सुनावलं, "म्हातारा झाला म्हणून टाकायला आलात ना?" काका काही बोललेच नाहीत, नुसते त्याच्या पट्ट्याचं बक्कल चाचपत उभे राहिले. मला हे अजिबात पटलं नाही.

ठाणेकर_स्पष्टवक्ता: मला पटलं. रोज दहा जण येतात, दहाही जणांकडे स्टोरी असते. बदली झाली, बाळ झालं, बायकोला केसांची अ‍ॅलर्जी. पस्तीस हजार देऊन हस्की आणायचा, ज्याला आपल्याकडचा एप्रिल सोसत नाही, आणि दोन वर्षांनी शेल्टरच्या गळ्यात मारायचा. १९६० च्या कायद्यात प्राणी टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेचा दंड माहितीये किती? १० ते ५० रुपये. दोन वडापावचे पैसे. कायदा काही करणार नाही, मग निदान चार शब्द तरी ऐकून घ्या की.

रविवारची_ड्यूटी: अहो पण हस्कीवाला आणि हे काका एकच का? टाकून देणारा माणूस गोळ्यांची स्ट्रिप घेऊन येतो होय?

गुरांचा_डॉक्टर: व्हेट आहे म्हणून बोलतो, भावनेचं बाजूला ठेवा. फिट्सची गोळी एकदम बंद झाली तर कुत्र्याला लागोपाठ झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. झापलं की पुढचा माणूस दिवसा येत नाही, रात्री गेटला बांधून जातो, आणि मग वय माहीत नाही, लस माहीत नाही, औषध माहीत नाही. एका पार्व्होवाल्या (कुत्र्यांचा झपाट्याने पसरणारा आजार) पिल्लाने पिंजऱ्यांची अख्खी रांग आजारी पडते. मी तर म्हणतो माणूस समोर आहे तोवर बसवा, चहा पाजा, सगळं विचारून घ्या.

ठाणेकर_स्पष्टवक्ता: डॉक्टर, चहा पाजून पिंजरे वाढतात का? गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे पोत्यात चार पिल्लं सोडून गेले होते, पोत्याचं तोंड सुतळीने बांधलेलं. दोनच जगली. त्यांना कोणी झापलं नव्हतं हो, ते आत आलेच नव्हते. त्यानंतर माझ्याकडून गोड बोलणं होत नाही, सॉरी.

मनीमाऊ_७: मी त्या काकांच्या जागी होते. नोकरी गेली, मांजराची लघवी अडकलेली, दवाखान्याचा खर्च ऐकून मी सरळ तिला शेल्टरला द्यायला निघाले. तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, तुला ती नकोय की परवडत नाहीये? मी रडायलाच लागले. त्यांनी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला जायला सांगितलं, एक महिन्याचं खाणं दिलं. आत्ता हे टाइप करतेय तर कीबोर्डवर बसलीये भवानी.

पेठेतला_बोका: सगळीकडे परळ नसतं ताई. आमच्या तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, पण तिथे सगळं लक्ष गाईम्हशींकडे. आणि ते २०१५ चं अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं पत्रक, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही म्हणणारं, ते फ्लॅटवाल्यांना ठीक. भाड्याच्या खोलीत मालकाला पत्रक दाखवलं तर तो दरवाजा दाखवतो.

ठाणेकर_स्पष्टवक्ता: मनीमाऊ, तुमचं वाचून बरं वाटलं, खरंच. पण त्या बाईंकडे द्यायला खाणं होतं. आमच्याकडे उधारीवर तांदूळ येतो. बरं, त्या लॅबचं काय झालं?

रविवारची_ड्यूटी: तीन दिवस तोंडच लावलं नाही हो कशाला. गोळी पण थुंकायचा. शेवटी काल मीच काकांना फोन केला. म्हणाले ताटलीत ठेवू नका, तो नाही खाणार, दहीभाताचा गोळा करून हातावर धरा आणि गोळी त्यात दाबा. आज चार गोळे खाल्ले, हात पण चाटून पुसून साफ केला.