हरणाची शिकार: रायफलची अचूकता आणि गोळी वर्मी लागण्याचा प्रश्न

प्रश्न – नवा परवानाधारक
अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थँक्सगिव्हिंगनंतरच्या (हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो) शनिवारी सुरू होणाऱ्या रायफल हंगामात मी प्रथमच पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. माझी .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल मेजावर टेकवून झाडली असता १०० यार्डांवर तीन गोळ्या साधारण एका इंचात बसतात. एवढी अचूकता असताना ३०० यार्डांवरचे हरीण टिपणे योग्य ठरेल का, आणि नेम नेमका कुठे धरावा? जनावर जखमी होऊन तडफडत राहावे, हे मला मुळीच नको आहे.

प्रतिसाद – जुना नेमबाज
मेजावर दिसते ती अचूकता रायफलची असते; थंडीत गुडघ्यावर बसून, धपापत्या छातीने चाप ओढणाऱ्या माणसाची नसते. प्रौढ हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे ८ इंच व्यासाचा धरतात. तेवढीच कागदी थाळी लावा, रानात जी बैठक घेणार तीच घ्या, आणि ज्या अंतरापर्यंत एकूण एक गोळी थाळीत लागते तेवढाच आपला पल्ला माना. १०० यार्डांवर नेम बसवलेल्या .३०८ ची गोळी ३०० यार्डांवर एक फुटाहून अधिक खाली येते, आणि तिथवर पोहोचायला तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात हरणाने एक पाऊल पुढे टाकले, तर छातीवर धरलेला नेम पोटात जातो. पहिल्या हंगामात ३०० यार्डांचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद – पशुवैद्य
हरीण पूर्ण आडवे, म्हणजे कूस आपल्याकडे करून उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यावी आणि छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर थांबावे. गोळी तिथे शिरली की हृदय किंवा दोन्ही फुप्फुसे सापडतात, रक्तदाब कोसळतो आणि जनावराची शुद्ध काही सेकंदांत हरपते. ते तिरके, आपल्यापासून दूर तोंड करून उभे असेल, तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने नेम धरावा. सरळ पाठमोऱ्या हरणावर बार काढूच नये, आणि समोर तोंड करून उभे असलेले हरीण वळेपर्यंत थांबावे. डोक्याचा नेम काही जण दयेचा मानतात, ते मला पटत नाही: मेंदू लहान असतो, मान सतत हलते, आणि जबडा फुटलेले हरीण पळून जाऊन पुढे उपासमारीने मरते.

प्रतिसाद – रानवाट
बार झाल्यावर लगेच धावू नये, एवढी भर घालतो. जनावर कुठे उभे होते आणि कोणत्या दिशेने गेले, हे खुणेने लक्षात ठेवावे आणि ते नजरेसमोर पडलेले नसेल, तर निदान अर्धा तास थांबावे. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे असते. गडद तांबडे रक्त बहुधा यकृताचे, तिथे तीन-चार तास थांबावे लागते. हिरवट, दुर्गंधीयुक्त द्रव दिसला तर गोळी पोटात लागली आहे आणि सहा-आठ तासांचा धीर धरावा, कारण उठवलेले जखमी हरीण फार लांब जाते आणि मग मागही हरवतो. माग शेजारच्या खासगी जमिनीत शिरला, तर मालकाची परवानगी आधी घ्या. ओळख हंगामापूर्वीच करून ठेवलेली बरी.