मदत हवी आहे: १९९७ ची डुकाटो मोटरहोम, इंडिकेटर दिला की मीटरमधले भलतेच दिवे लुकलुकतात

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीजवळ राहतो. आमच्याकडे १९९७ ची मोटरहोम आहे. खाली फियाट डुकाटो, २.५ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, आणि वर झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली फायबरची बॉडी. जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत. त्यांना घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, इन्व्हरनेसहून निघून नॉर्थ कोस्ट ५०० च्या रस्त्याने फिरायचं ठरलंय. त्या भागात दोन गावांमध्ये बरंच अंतर असतं आणि गॅरेज तर त्याहून लांब. दोन म्हातारी माणसं सोबत असताना गाडी तिथे बंद पडलेली मला चालणार नाही, म्हणून आत्ताच विचारतेय.

त्रास असा आहे. रात्री हेडलाइट चालू असताना डावा इंडिकेटर दिला की हँडब्रेकचा लाल दिवा इंडिकेटरच्याच तालात मंद लुकलुकतो. डिझेलचा काटा आणि पाण्याच्या तापमानाचा काटा त्याच तालात किंचित वर-खाली होतात. शिवाय बॅटरीचा दिवा गाडी चालू असताना अगदी अंधुक पेटलेला राहतो. दिवसा दिसतही नाही, अंधारात मात्र स्पष्ट दिसतो. ब्लोअर मोठा केला की तो जरा उजळतो.

बॅटरीच्या दिव्यासाठी गाडी गॅरेजला दाखवली होती. त्यांनी मल्टिमीटर न लावता डायनॅमो बदलला. पैसे गेले आणि दिवा होता तसाच आहे. ओबीडीचा रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावा असं कुणी सुचवणार असेल तर या इंजिनाचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे, रीडरला वाचण्यासारखं काही नाही. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. सुरुवात कुठून करू? आणि हँडब्रेकच्या दिव्याचं दुखणं खरोखर ब्रेकचं असलं तर?

तारजोड:
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. बऱ्याच गाड्यांत तो दिवा हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल या दोन्हींचा मिळून असतो. बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. मिनिममच्या खाली असेल तर वायरिंग राहू द्या आणि आधी ब्रेक दाखवा. पातळी ठीक असेल तर पुढचं वाचा.

इंडिकेटरच्या तालात दुसराच दिवा पेटतो आणि काटे हलतात, म्हणजे नव्वद टक्के मीटरची अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर आणि तिचा जोड) गेलेली आहे. मीटरमधले इंडिकेटरचे दिवे, मीटरची लाइट आणि काटे सगळे एकाच अर्थवर परत जातात. ती वाट गंजून अरुंद झाली की करंट दुसरी वाट शोधतो. हँडब्रेकच्या बल्बमधून उलटा शिरून तो भलतीकडेच बाहेर पडतो, आणि बिचारा बल्ब विनाकारण पेटतो. हेडलाइट लावल्यावर हे जास्त दिसतं, कारण त्याच अर्थवर आणखी भार पडतो.

अर्थ डोळ्यांनी तपासू नका. वरून चकचकीत दिसणारा बोल्ट आतून मेलेला असतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. क्लॅम्पवर नको, खांबाच्या शिशावरच. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, इंडिकेटर सगळं चालू ठेवा. मग लाल पिन एकदा इंजिनाच्या धातूला, एकदा पुढच्या केबिनच्या बॉडीच्या उघड्या पत्र्याला आणि एकदा डॅशबोर्डच्या मीटरच्या मागच्या अर्थ वायरीला लावा. फियाटमध्ये ती वायर काळी असते. तिन्ही आकडे इथे टाका. ०.१ व्होल्टच्या आत असतील तर माझं म्हणणं चुकीचं.

भटकी डुकाटो:
आमची पण याच पिढीतली आहे, फक्त बोनेटवर प्यूजो बॉक्सरचा बिल्ला. इटलीत अतेस्साला सेव्हेलच्या एकाच कारखान्यातून डुकाटो, बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर अशा तिन्ही निघायच्या, त्यामुळे तुम्हाला डुकाटोचा वायरिंग डायग्रॅम मिळाला नाही तर बॉक्सरचाही बघून ठेवा. बारीक फरक असतात, तेवढे तपासून घ्या.

बॅटरीच्या दिव्याबद्दल एक शंका. मोटरहोम बनवणारे डायनॅमोच्या डी-प्लस वायरीला (डायनॅमोहून बॅटरीच्या दिव्याकडे जाणारी वायर) जोड देऊन मागच्या भागाचे रिले (थोड्या करंटवर चालणारे आणि मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) चालवतात. घरच्या बॅटरीचा (म्हणजे मागच्या राहायच्या भागाच्या बॅटरीचा) चार्जिंग रिले, फ्रिजचा रिले, काही गाड्यांत पायरी आपोआप आत घेण्याचा रिलेही. नंतरच्या मालकांनी त्याच वायरीला आणखी काही जोडलं की डी-प्लसचा व्होल्टेज खाली ओढला जातो आणि दिवा अंधुक पेटतो. मागे जाणारी डी-प्लसची वायर रिलेपाशी सोडवून बघा. दिवा गेला तर चोर मागच्या खोलीत आहे.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. ब्रेक ऑइल मॅक्सिममपर्यंत आहे, तो घोर मिटला.

आकडे असे. बॅटरीवर १४.१. निगेटिव्ह ते इंजिन ०.०५. निगेटिव्ह ते बॉडीचा पत्रा ०.०८. निगेटिव्ह ते मीटरची काळी वायर १.१, आणि इंडिकेटर लागला की १.३ पर्यंत उडी. तुमचं निदान बरोबर दिसतंय. डी-प्लसची वायर सीटखालच्या रिलेपाशी सोडवून बघितली. बॅटरीचा दिवा जसाच्या तसा.

तारजोड:
छान आकडे काढलेत. इंजिन आणि बॉडी ठणठणीत आहेत, म्हणजे बॅटरीपासून इंजिन-बॉडीला जाणारे अर्थचे मोठे पट्टे बदलायच्या भानगडीत पडू नका. दोष फक्त मीटर आणि बॉडी यांच्या मधल्या जोडात आहे. काळ्या वायरीचा माग काढत जा, कुठेतरी बऱ्याच काळ्या वायरी एका बोल्टवर एकत्र आलेल्या सापडतील. काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा. मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन असतात हे विसरू नका. छपरावर सोलर असेल तर आधी पॅनेल कंट्रोलरपासून सोडवा आणि मग बॅटरी, उलट क्रमाने केलं तर काही कंट्रोलर बिघडतात. कॅम्पसाइटची २३० व्होल्टची केबलही बाहेर काढून ठेवा.

बोल्ट सोडवून प्रत्येक थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) वेगळी करा, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू आणि खालचा पत्रा पांढरा होईपर्यंत घासा. हिरवी बुरशी वायरीच्या आत शिरली असेल तर तेवढी वायर कापून नवीन थिंबल दाबा. घट्ट कसल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन. ग्रीस आधी लावून मग कसू नका.

आता बॅटरीचा दिवा. याचा अर्थच्या वायरीशी थेट संबंध नाही, आणि गॅरेजवाल्यांची गफलत नेमकी इथेच होते. या दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचकडून येतं आणि दुसरं डायनॅमोच्या डी-प्लसला जातं. चावी फिरवून इंजिन बंद असताना डी-प्लस जवळजवळ शून्यावर असतो, म्हणून दिवा पेटतो. इंजिन चालू झालं की डी-प्लसही बॅटरीइतका वर येतो, दोन्ही टोकं सारखी होतात आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा अंधुक पेटतोय याचा अर्थ एवढाच की दोन टोकांत एक-दोन व्होल्टचा फरक आहे. कोणतं टोक खाली गेलंय ते दिवा सांगत नाही. डायनॅमो कमी देत असेल तरी पेटेल आणि स्विचकडून येणारा व्होल्टेज वाटेत गळत असेल तरी पेटेल.

तुमचा दिवा ब्लोअरबरोबर उजळतो, म्हणून माझा संशय इग्निशन स्विचवर आहे. दोन्ही टोकं मोजा. डी-प्लस सीटखालच्या रिलेवरच मोजा, चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ हात नको. दुसरं टोक मीटरला जाणाऱ्या फ्यूजवर. ब्लोअर बंद असताना आणि पूर्ण चालू असताना, असे दोन्ही वेळा.

धागाकर्ती:
मीटरची अर्थ झाली! बोल्ट डॅशबोर्डखाली क्लचच्या बाजूला सापडला. त्यावर वायरींची एकावर एक चळत होती आणि सगळ्यांत खालची थिंबल पत्र्याला टेकलेलीच नव्हती, मधे रंगाचा आणि गंजाचा थर होता. विंडस्क्रीनच्या रबरातून झिरपलेल्या पाण्याचा ओघळ थेट त्या बोल्टपर्यंत आलेला दिसत होता, त्यामुळे रबरही बदलून घेणार आहे. आता तिथे ०.०६ येतंय. इंडिकेटर लावला तर फक्त इंडिकेटरच लागतो आणि काटे जागचे हलत नाहीत.

बॅटरीच्या दिव्याचे आकडे: डी-प्लस दोन्ही वेळा १४.२. मीटरच्या फ्यूजवर ब्लोअर बंद असताना १३.८, पूर्ण चालू असताना १२.४. म्हणजे जुना डायनॅमोसुद्धा चांगला असावा असं वाटून फार वाईट वाटलं. स्टिअरिंगचं आवरण काढून बघितलं तर इग्निशन स्विचच्या मागच्या प्लगमधली एक पिन तपकिरी पडलीय आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक मेणासारखं वितळून बसलंय. नुसता स्विच बदलू का?

तारजोड:
नुसता स्विच बदलाल तर नवा स्विचही त्याच वाटेने जाईल. ती पिन ब्लोअरचा सगळा भार वाहतेय, त्यामुळे तापते. तापली की ढिली होते आणि ढिली झाली की आणखी तापते. स्विचबरोबर तो प्लग आणि पिनाही नव्या घ्या, आणि ब्लोअरला स्वतंत्र रिले द्या. रिलेची ३० नंबरची पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मधे फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. ८७ ब्लोअरकडे. ८६ ला स्विचकडून ब्लोअरला जाणारी जुनी वायर, ८५ अर्थला. डायोड असलेला रिले घेतलात तर ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही. फ्यूज ब्लोअरच्या मूळ फ्यूजइतकाच ठेवा, आणि वायर त्या फ्यूजला पुरून उरेल एवढी जाड घ्या.

तोवर गाडी चालवायचीच असेल तर ब्लोअर पहिल्या नंबरच्या वर नेऊ नका. वितळलेला प्लग म्हणजे आगीचं निमंत्रण आहे.

भटकी डुकाटो:
ताई, सोडवलेली डी-प्लसची वायर परत जोडलीत ना? नाहीतर स्कॉटलंडला पहिल्याच रात्री घरची बॅटरी बसेल. जोडल्यावर इंजिन चालू ठेवून घरच्या बॅटरीवरही मल्टिमीटर लावा. साडेतेराच्या पुढे गेलं की रिले काम करतोय.

धागाकर्ती:
जोडली, १३.९ येतंय. स्विच, प्लग आणि रिले मागवलेत. गाडी तोवर दारातच उभी ठेवणार आहे. बसवून झालं की ब्लोअर पूर्ण चालू ठेवून फ्यूजवरचा आकडा इथेच टाकते.