"बरं चाललंय की" याच्या पुढं लोकांना बोलतं कसं करायचं?

खानापूरची_सून

नमस्कार. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मतदार चौदाशेच्या आसपास. स्त्रीशक्ती संघातल्या (बायकांच्या बचत गटातल्या) आम्ही सहाजणी गावकऱ्यांचं म्हणणं गोळा करून ग्रामसभेपुढं ठेवायचं म्हणतोय. पाणी, रस्ता, दवाखाना, शाळा, बस, लाइट, सगळंच. ग्रामसभेत दरवेळी तेच चारजण बोलतात आणि बायका मागच्या भिंतीला टेकून बसतात. म्हणून दारोदार जायचं ठरवलं.

कागदावर पहिला प्रश्न घातला, "गावात राहून तुम्ही समाधानी आहात का? १ ते ५ गुण द्या." साठ घरं झाली. बहुतेकांनी चार नाहीतर पाच. "बरं चाललंय की बाई", झालं.

एका आजीनं पाचपैकी पाच दिले. उठताना बघितलं, नळाखाली रिकामी पितळी कळशी ठेवलेली. भरदुपारी, नळ कोरडा. विचारलं तर म्हणाली, "पाणी येतंय की गे. पहाटं कवातरी येऊलंय. कळशीत धार पडली की आवाज होतोय, मग उठतो मी." म्हणजे ती बाई रोज रात्री एक कान नळाकडं ठेवून झोपते, आणि माझ्या कागदावर तिचे पाच गुण! त्या दिवसापासून कागद पुढं नेववत नाही. काय चुकतंय सांगा.

गणिताचे_सर

ताई, मी निवृत्त शिक्षक, बेळगावातच. जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामात पुष्कळ दारं वाजवली आहेत. प्रश्नांचं इतर लोक सांगतील, मी माणसं कशी निवडायची तेवढं सांगतो.

साठ घरं कुठली घेतलीत? रस्त्याकडची असणार. चौदाशे मतदारांत साधारण तीनशेजणांना नीट विचारलंत तर टक्केवारी बहुतेक वेळा पाचाच्या आतच इकडंतिकडं होईल, गावाला तेवढं पुरतं. पण तीनशे माणसं यादीतून आली पाहिजेत. मतदार यादी घ्या, १ ते ५ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. ३ निघाला तर तिसरं नाव, आठवं, तेरावं, असं शेवटपर्यंत. सुमारे २८० नावं होतील, चालतील. दार बंद दिसलं म्हणून शेजारच्याला विचारायचं नाही. पुन्हा जायचं, संध्याकाळी जायचं. दिवसा घरी सापडणाऱ्यांनाच विचारलंत तर शिवारात राबणारे सगळे सुटतात.

आणखी एक. तुमच्या भागातली कितीतरी पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला. नाव यादीत, पोट तिकडं. त्यांची उत्तरं घरच्यांकडून भरून घेऊ नका. "गावात राहत नाही" अशी वेगळी नोंद ठेवा. तो आकडाही ग्रामसभेपुढं जाऊ दे, गावात काम नाही हे त्यातूनच कळतं.

येळ्ळूरचा_शेतकरी

वहिनी, "कुणाच्या बाजूनं आलाय?" असं कुणी विचारलं का? आमच्याकडं हाच पहिला प्रश्न. निवडणूक जवळ आली की कागद घेऊन येणारा प्रत्येकजण कुठल्यातरी पार्टीचा वाटतो. मत कुणाला ते विचारू नका, फोन नंबर घेऊ नका, कागदावर नाव लिहू नका. आणि आपल्या गल्लीत आपण जायचं नाही. भाऊबंदाच्या सुनेपुढं कोण सांगणार घरात संडास नाही म्हणून?

भाषेबद्दल मनापासून सांगतो. मी मराठी शाळेत शिकलो, कागदपत्रं मराठीत मिळावीत म्हणून दरवर्षी अर्ज देतो. १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्या तीन पिढ्या या एका गोष्टीवर जगल्यात. तरी सांगतो, भाषेचा प्रश्न शेवटी ठेवा. पहिल्यांदा तोच काढलात तर गटारीबद्दलसुद्धा माणूस मराठी म्हणून नाहीतर कन्नड म्हणून उत्तर देतोय. कागद दोन्ही भाषांत छापा. कन्नड बोलणाऱ्या घराचा नळही तुमच्याच टाकीवर आहे.

आशा_ताई

मी आशा कार्यकर्ती, बेळगाव तालुका. तुमची ती कळशी डोळ्यांसमोरून जाईना.

समाधान विचारूच नका. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला "वाईट आहे" म्हणणं म्हणजे घराची लाज काढणं. काल काय झालं ते विचारा. काल पाणी कधी आलं? किती घागरी भरल्या? कुणी भरल्या? गेल्या वेळी घरात ताप आला तेव्हा कुठं नेलंत, कशानं नेलंत, किती पैसे गेले? याला "बरं" असं उत्तर देताच येत नाही.

बसचंही तसंच. कर्नाटक सरकारची शक्ती योजना २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. मग "बस परवडते का" विचारून काय मिळणार? गेल्या आठवड्यात थांब्यावर किती वेळ उभ्या होतात, बस थांबली का, ते विचारा.

बाईला बाईनंच विचारायचं, आणि चुलीपाशी. यजमान सोप्यात बसलेले असले की उत्तर तेच देतात. दोघी जा. एकीनं त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत बसायचं, दुसरीनं आत जायचं. मी लसीकरणाच्या वेळी असंच करते.

खानापूरची_सून

सर, दादा, ताई, तिघांचंही ऐकलं. जुना कागद बाजूला ठेवला. चिठ्ठीत २ निघाला. पहिल्या दिवशी अकरा नावं झाली, त्यातली तीन गोव्याला.

ज्या घरी मागं नवऱ्यानं "दवाखान्याचं काही अडत नाही" सांगितलं होतं, तिथली सून यादीतून निघाली. चुलीपाशी बसून विचारलं, गेल्या वेळी दवाखान्यात कधी गेलीस? भाकरी थापता थापता म्हणाली, श्रावणात, बाळंतपणाला. ओढ्याला पाणी होतं, गाडी अलीकडं येईना. दिरानं आणि शेजाऱ्यानं खुर्चीला बांबू बांधून पलीकडं नेलं. एवढं सांगितलं आणि भाकरी उलटली. मी लिहायचं विसरले, मग तिनंच विचारलं, "लिहून घेतलीस काय?"

आजीचं नाव यादीच्या हिशोबात आलं नाही. सर, तिला मोजायचं नाही हे कळलं. पण कळशीचं ग्रामसभेत वेगळं सांगायचं, असं आम्ही सहाजणींनी ठरवलंय. पाणी सोडायची वेळ ठरवून फळ्यावर लिहा, एवढंच मागायचं. त्याला पैसे लागत नाहीत.

कन्नड कागद शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी तपासून देतेय. ताई, एक राहिलं. विधवा बायका आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या यादीत बऱ्याच निघाल्यात. त्यांच्याकडं संध्याकाळी गेलेलं चालेल का, की सकाळीच जावं?