लहान मुलांना चिनी गोष्टी आणि संगीत: द्यावं की नाही?

चांदणवेल (सिंगापूर)
इथली बरीच मराठी कुटुंबं मुलांना बालवाडीपासूनच मँडरिन या प्रमाण चिनी भाषेच्या शिकवणीला घालतात. पुढे नोकरीत उपयोग होईल, एवढाच हिशेब. आसपासची साधारण दर चारांतली तीन माणसं चिनी वंशाची, पण त्यांच्या संस्कृतीशी आपली ओळख नववर्षाला लाल कपड्यांत काढलेल्या फोटोपुरती.

माझं ठाम मत आहे की चार ते सात वर्षांच्या मुलांना आधी गोष्टी आणि संगीत द्यावं, लिपी मागाहून. आकाशात एकदम दहा सूर्य उगवले, होउ यी नावाच्या धनुर्धराने नऊ पाडले आणि एक राखला. त्याची बायको छांग-अ अमृत पिऊन चंद्रावर गेली, आणि तिथे खलबत्त्यात औषध कुटणारा ससा तिच्या सोबतीला आहे. चंद्रावरचा ससा आपल्या मुलांना परका वाटेल का? आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला इथली मुलं कंदील घेऊन फिरतात. गोष्ट ठाऊक नसेल तर ते नुसतं खेळणं.

कोकणकडा (ठाणे)
मला पटत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानावर मराठी पडते ती घरातच, तीही अर्धा तास. त्यातला वाटा छांग-अला का द्यायचा? आणि स्पष्टच लिहितो, २०२० साली गलवानमध्ये आपले २० जवान गेले. त्यानंतर या देशाचं कौतुक मुलांना सांगायला माझं मन घेत नाही.

ताम्रपर्ण (सोलापूर)
गलवानचं दुःख मलाही आहे. पण आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. सरकार वेगळं आणि माणसं वेगळी, असं मला वाटतं. आणखी मागे जा. सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग हाच सुन वुखोंग या वानराच्या गोष्टीतला भिक्षू. ढगावरून उड्या मारणारं, आकाशातल्या देवांशी भांडणारं ते माकड त्याच्या रक्षणासाठी भारताच्या वाटेला लागतं! ही गोष्ट आपल्या मुलांपासून कशासाठी लपवायची?

स्वरवेडा
संगीताबद्दल. गुझेंग या एकवीस तारांच्या वाद्याच्या नेहमीच्या जुळणीत पाचच स्वर असतात: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे भूपाचेच स्वर. भूप कानावर असलेलं मूल 'मो ली ह्वा' हे मोगऱ्याच्या जातीच्या फुलावरचं लोकगीत पटकन गुणगुणू लागतं. चाल मात्र वेगळी आणि गमक वेगळी, तेव्हा दोन्ही सारखंच असं मुलांना सांगू नका. शक्य असेल तर अर्हू हे चिनी वाद्य समोर बसून ऐकवा. दोनच तारा आणि त्या दोहोंच्या मधून फिरणारा गज! पडद्यावर ही गंमत अर्धीही कळत नाही.

अनघड (सिंगापूर)
चांदणवेल, हेतू चांगला आहे, पण 'चिनी संस्कृती' म्हणून तुम्ही देताय ती पाठ्यपुस्तकी. इथल्या अनेक घरांतल्या आज्या होक्कियन, तिओच्यू नाहीतर कँटनीज या चिनी बोली बोलत आल्या. १९७९ पासून मँडरिन बोला असा सरकारी प्रचार झाला आणि नातवंडांची ती भाषा सुटत गेली. आपण बाहेरून येऊन मुलांना फक्त मँडरिन गाणी शिकवली तर त्याच पुसण्याला हातभार लागतो. शिवाय छांग-अच्या एका कथेत ती अमृत चोरते, दुसरीत चोराच्या हाती लागू नये म्हणून पिते. तुम्ही बहुधा सोयीची तेवढीच सांगणार.

चांदणवेल
दोन्ही सांगावीत. मुलांना दोन शेवट चालतात, मोठ्यांनाच एक हवा असतो. होक्कियनचं मात्र अगदी खरं. शेजारच्या आजींना त्यांचं अंगाईगीत म्हणायला बोलवायला हवं, ते कुठल्याच शिकवणीत मिळणार नाही.

कोकणकडा
कोटणीसांपुढे मी नतमस्तक आहे. तरी माझा मुद्दा उरतोच. मुलांची रात्रीची गोष्ट एक असते, आणि ती मराठीत असावी.

चांदणवेल
मग आपलं भांडण अर्धंच उरलं. छांग-अची गोष्ट मी मराठीतच सांगते, 'आटपाट नगर होतं' पासून. गाणं तेवढं त्यांच्या भाषेत.

कोकणकडा
मराठीत सांगत असाल तर सांगा. पण माझ्या घरी आधी आमच्या ओव्या.